सावली लाजते

मुरारी बायको-लेकीला घेऊन बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीवरून पोलादपूरच्या डोंगरावरच्या घरी आला, आणि बापासमोर, येसाजीसमोर, बसला तो हात मांडीखाली दाबूनच. थोरांच्या देखत बापाने आपलं पोर उचलायचं नाही, ही वाडीची रीत. उचललं की माणसं हसायची, "पान्हा फुटला काय रे?"

येसाजीला ते हसणं ठाऊक होतं. मुरारी तान्हा होता तेव्हा येसाजीचा म्हातारा ओटीवर बसलेला असायचा. येसाजी नुसता दारात उभा राहून पाळण्याकडे बघायचा. म्हातारा गेला तोवर मुरारी गुरांमागे धावायला लागला होता. कडेवर घ्यायचा राहिला, तो राहिलाच.

पाळण्यातली नात रडू लागली. सून वैशाली विहिरीवर गेलेली. येसाजीची बायको बायजा, तिचे हात भाकरीच्या पिठात.

"मुरारी, उचल की रे तिला!" बायजा चुलीपासून ओरडली.

मुरारीने बापाकडे पाहिलं. जागचा हलला नाही. पोर रडून लाल झालं.

उचल, असं येसाजीला म्हणायचं होतं. म्हणवेना. तो उठला. "गुरांना पानी दावून येतो."

"आताच दावलंत ना? फुटतील ती पिऊन पिऊन!"

तो गोठ्याच्या कुडाआड जाऊन उभा राहिला. रडं थांबलं. मग मुरारीचा आवाज आला. कारखान्यात ओरडून ओरडून बसलेला, पण किती हळू:

पाळण्याची दोरी माझ्या हातात वाजते
बाप उभा दारी, त्याची सावली लाजते

ही ओवी येसाजीने कधी ऐकली नव्हती, पण चाल बायजाची होती. तेव्हा मुरारीचा पाळणा हलवताना तिची पाठ दाराकडे असायची, म्हणून तर तो तिथे थांबायचा. आपली सावली तिच्यापुढे पाळण्यावर पडते, हे ध्यानातच आलं नव्हतं.

तो घरात आला. मुरारी दचकला, पोरीला ठेवायला वाकला.

"ठेवू नको." येसाजीने हात पुढे केले. मागे घेतले. "मान कशी धरायची रे? मला नाय येत."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

मुरारीने पोर बापाच्या कोपरात ठेवलं, आणि पडू नये म्हणून आपले हात त्याच्या हातांखाली लावले. ती सावरली. डोळे मिटून निजलीसुद्धा.

मुरारी हात काढू लागला.

"ऱ्हाऊ दे रे," येसाजी म्हणाला. "एवढ्यात नको काढू."