ज्या खिडकीत उभा, तिचाच मी

मित्रांनो, मी जुना आहे, पण मोडका नाही. मला गंज चढत नाही, मला वाळवी लागत नाही, आणि मला भंगारात घालायची तर कोणाची बिशाद नाही! कारण मी लाकडाचाही नाही आणि लोखंडाचाही नाही. मी एक शब्द आहे. कॉम्प्युटरला सूचना देण्याच्या एका जुन्या भाषेतला राखीव शब्द. माझं नाव धिसफॉर्म.

हसलात ना नाव ऐकून? हसा, हसा. माझी हकिकत पुरी होऊ द्या, मग बोलू.

तुम्ही दवाखान्यात किंवा ग्रंथालयात गेलात की समोरचा माणूस कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडतो. तिच्यात नाव, वय लिहायच्या चौकटी असतात आणि खाली बटणं असतात. तिलाच फॉर्म म्हणतात. चौकटीत भरलेली माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या कोठारात, जाऊन बसते. कोणतं बटण दाबल्यावर काय करायचं, ते प्रोग्रॅमरने आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्या लिखाणात माझी वस्ती. धिसफॉर्म म्हणजे 'हाच फॉर्म'. माझं सांगणं एवढंच, की ज्या खिडकीतलं बटण दाबलं, त्याच खिडकीत बघा. एका इमारतीत सगळ्या खोल्या सारख्या असल्या, तरी 'या खोलीतला दिवा लाव' म्हटल्यावर कोणी शेजारच्या खोलीत जात नाही. माझंही तसंच. माझा एक धाकटा भाऊ आहे, धिस. तो बटणात असला तर त्या बटणापुरतं बघतो, चौकटीत असला तर चौकटीपुरतं. अख्ख्या खिडकीचा संसार सांभाळायला मात्र थोरलाच लागतो!

मला घडवलं तेही गरजेपोटी. लोक एक फॉर्म बनवायचे, त्याची नक्कल करून तिला नवं नाव द्यायचे, आणि नकलेतली बटणं मात्र जुन्याच नावाने हाका मारत बसायची. घर बदललं तरी जुन्याच दारात दूध ठेवून जाणाऱ्या दूधवाल्यासारखी. मग भाषा घडवणारी मंडळी म्हणाली, 'नावाची भानगडच नको,' आणि मी जन्माला आलो. पहिली काही वर्षं माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅममध्ये मीच. पण कौतुकाचे दिवस कोणाचे कायम राहिलेत? पुढे नवे प्रोग्रॅमर आले, त्यांना माझी ओळखच नव्हती.

त्यातलाच एक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आला. त्याची वहिनी तिथे रक्त तपासायचं काम करायची. सगळे तिला ताई म्हणत. तिनेच डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकला होता, 'आमच्या भाऊजींकडून प्रोग्रॅम करून घ्या, पोरगा हुशार आहे.' हुशार होताच तो, मी नाही म्हणत नाही. पण फॉर्म लिहिताना त्याने मला हातही लावला नाही. जिथे तिथे फॉर्मचं नावच ठोकून बसवलं. 'नाव असताना हा घुम्या शब्द कशाला?' असं पुटपुटला सुद्धा. मी भाषेत होतो, शब्दांच्या यादीत होतो, आणि तरी दाराबाहेर उभा होतो. वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

आता ताईची कामाची पद्धत ऐका, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. काही लोकांच्या रक्ताच्या बऱ्याच तपासण्या असायच्या. साखरेचा आकडा आधी यायचा, बाकीचे मशीनमधून सावकाश यायचे. ताई त्या माणसाची खिडकी तशीच उघडी ठेवायची आणि बाकावरच्या पुढच्या माणसासाठी त्याच फॉर्मची दुसरी खिडकी उघडायची. म्हणजे नाव एकच आणि खिडक्या दोन. दुसऱ्या खिडकीतलं 'छापा' बटण दाबलं, की कागदावर माणसाचं नाव बरोबर यायचं. आकडा आणायला मात्र सूचना फॉर्मच्या नावाने हाक मारायची, आणि त्या हाकेला ओ द्यायची आधी उघडलेली खिडकी!

व्हायचं तेच झालं. आधी एका शाळेतल्या बाईंच्या हातात भलत्याच आकड्याचा कागद पडला. तो गोंधळ निस्तरतोय तोवर टेलरमास्तर तणतणत आले.

"ताई, तुमच्या कागदाने माझ्या तोंडची चव गेली हो! साखर वाढली म्हणून आठवडाभर कारल्याचा रस पितोय. काल दुसरीकडे तपासलं, तर साखर एकदम ठीक!"

"मास्तर, मी स्क्रीनवर नीट बघूनच कागद छापला होता," ताई म्हणाली.

"मग काय माझ्या बायकोने आकडा बदलला?"

बाकावरची माणसं फिसकन हसली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ताई, ही दुसरी वेळ. तिसरी झाली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा."

त्याही खोटं बोलत नव्हत्या. पण ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं, आणि आता नोकरी तर जाणारच, वर नाव खराब होऊन जाणार.

घरी आणखी वेगळंच. दीर म्हणाला, "वहिनी, प्रोग्रॅम चुकत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर शंभरदा चालवून बघितलाय."

"म्हणजे मी आंधळी, असंच ना भाऊजी?"

झालं, दोघांचं बोलणं बंद! ताटावर बसून एकमेकांकडे बघेनात. शेवटी सासूबाईंनी वाटी खाली ठेवली.

"अरे, भाजी का करपते ते बाहेरच्या खोलीत बसून कळतं का? स्वयंपाकघरात यावं लागतं. उद्या जा तिच्याबरोबर आणि बस मुकाट्याने शेजारी. आणि तू गं, रोज करतेस तसंच कर, त्याला दाखवायला म्हणून वेगळं काही करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर स्टूल ओढून ताईच्या शेजारी बसला. ताईने पहिल्या माणसाची खिडकी उघडली, साखरेचा आकडा भरला. मग दुसरी उघडली. दीर ताडकन उठला.

"वहिनी, पहिली बंद नाही केलीत?"

"बंद करून काय करू? बाकीचे आकडे यायचेत अजून. बाकावर माणसं ताटकळलीत, भाऊजी."

"रोज असंच करता?"

"रोज."

तिने 'छापा' दाबलं. स्क्रीनवर एक आकडा, कागदावर दुसरा! दिराने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी घरी कायम एकच खिडकी उघडून बघत होतो. वहिनी, चूक तुमची नाही हो, शंभर टक्के माझी आहे."

आणि मित्रांनो, मग माझी पाळी आली! त्याने सूचना उघडली, फॉर्मचं नाव पुसलं आणि त्या जागी मला लिहिलं. धिसफॉर्म! आहाहा! इतके दिवस दाराबाहेर उभा असलेला मी ऐटीत आत शिरलो. ताईने दोन खिडक्या उघडल्या, तीन उघडल्या, स्क्रीन भरेपर्यंत उघडल्या. वाटेल त्या खिडकीतलं बटण दाबावं, आणि कागदावर तिचाच आकडा यावा. ताई हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. मी फुगलो होतो नुसता! फुगायलाच हवं होतं!

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद ताबडतोब ताडून घ्यायला लावले आणि चुकलेल्या माणसांना बोलावून नवे कागद दिले. टेलरमास्तरही आले. बाक माणसांनी भरलं होतं. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या.

"मास्तर, ताईने तुमचं रक्त बरोबरच तपासलं होतं. चूक प्रोग्रॅमची होती, आणि न तपासता बोलले ती माझी. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. ताई, या प्रयोगशाळेत तुमच्याइतकं चोख काम कोणाचंच नाही."

"आणि माझं कारलं?" मास्तर म्हणाले.

"ते भाऊजी पितील!" ताई म्हणाली, आणि सगळं बाक खो खो हसलं. दीर सगळ्यांत मोठ्याने.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी प्रोग्रॅमर होईल. तेव्हा माझ्यासारख्या जुन्या शब्दांना अडगळ समजू नका. आम्ही कशासाठी जन्मलो ते आधी विचारा. आणि केलेलं काम एकट्याने घरी बसून तपासू नका. ज्याला ते रोज वापरायचंय, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसा आणि बघा. नाहीतर चूक तुमची असेल, आणि मान खाली घालावी लागेल एखाद्या ताईला.