चांदणी वरातीत का बिथरली

मित्रांनो, मी मोशीची एक म्हातारी घोडी आहे. माझं नाव चांदणी. कितीतरी नवरदेव मी मांडवापर्यंत पोहोचवले आहेत.

मी तीन महिन्यांचं शिंगरू असताना पहिल्या मालकाने माझ्या आईला विकलं. तिला टेम्पोत चढवून मागचा लोखंडी फाळका धाडकन लावला. मी मागे धावले, खिंकाळले. मालकाने मला खुंटाला बांधून चाबकाने गप्प केलं.

पुढे वरातीला घोडी देणाऱ्या ज्योतीराममामांनी मला विकत घेतलं; आईला कसं नेलं, तेही त्या मालकाने त्यांना सांगितलं. त्यांनी कधी हात उगारला नाही. बँड, फटाके, गर्दी, सगळं अंगवळणी पडलं. "आमची चांदणी लई गरीब हाय," असं मामा सांगायचे. मलाही ते खरं वाटे.

मग चिखलीत प्रज्वलची वरात निघाली. तो पाठीवर होता आणि पुढ्यात त्याची पाच वर्षांची भाची साक्षी. एका वर्कशॉपसमोर कुणीतरी टेम्पोचा फाळका सोडला. धाडकन!

मी अकरा वर्षांची होते, पण त्या क्षणी पुन्हा तीन महिन्यांची झाले. अंगाला घाम फुटला. पाय माझं ऐकेनात. मी उसळले. साक्षी घसरून एका बाजूला लोंबकळली. प्रज्वलच्या मुठीत फक्त तिचा फ्रॉक होता आणि खाली माझे नाल ठोकलेले पाय नाचत होते.

"हाणा तिला!" कुणीतरी काठी उगारली. काठी पाहून मी आणखीच बिथरले.

"मारू नगा राव, भ्यालीय ती," मामा म्हणाले. त्यांनी लगाम ओढला नाही, उलट सैल सोडला. मानेवर तळवा ठेवून ते हळू बोलत राहिले. "हितंच हाय मी. कुठं जात न्हाई."

हळूहळू माझे पाय थांबले. साक्षीला उतरवून घेतलं. तिला खरचटलंही नव्हतं, पण ती रडायचंही विसरली होती. तिची आई मामांना म्हणाली, "अशी घोडी आणलीच कशी तुम्ही?"

त्या दिवसापासून मामांनी मला वरातीच्या कामातून काढलं, विकलं मात्र नाही.

परवा शेजारच्या हिंदुरावांनी एक शिंगरू आणलं. आईसाठी ते सारखं खिंकाळत होतं. हिंदुरावांनी चाबूक उचलला. मामांनी त्यांचा हात धरला.

"लहान हाय, इसरंल," हिंदुराव म्हणाले.

"न्हाई इसरत," मामा म्हणाले, "आमच्या चांदणीला इचारा."

शिंगरू आता माझ्या शेजारी बांधतात. मित्रांनो, तुमच्या दारातलं पिल्लू ओरडलं, तर मारण्याआधी ते कुणाला हाक मारतंय, एवढं बघा.