गवतावरची हवा

आत्याच्या वेधशाळेच्या हिरवळीवर चार पायांची पांढरी पेटी होती. भिंतींना झरोके, आत तापमापक. बत्तीस वर्षं आत्या रोज गवत तुडवत तिथे जायची, श्वास रोखून पारा वाचायची आणि आकडा वहीत लिहायची. तिची भाची पाच वर्षांची असल्यापासून तिच्या मागेमागे. भाचीला घरात सगळे ‘वादळ’ म्हणत आणि ते काही उगाच नव्हे!

“लांबून बघ गं! तुझ्या श्वासानं पारा चढायचा आणि माझी वही खोटी ठरायची.”

पेटीच्या दारातून येणारा जुन्या लाकडाचा वास, आत्याचे फुगलेले गाल... वादळला आजही ते आठवलं की हसू येतं.

ती दहावीत असताना नवे साहेब आले. हिरवळीवर गाड्या लावायच्या आणि पेटी गच्चीवर न्यायची, असं त्यांनी ठरवलं.

“आवार तेच, हवा तीच. काय बिघडतं, बाई?”

बत्तीस वर्षांची एकाच जागेची नोंद तुटणार होती आणि आत्या नुसती तापमापक पुसत बसली!

“बोल ना गं, आत्या!”

“साहेब दिसले की माझी जीभ टाळ्याला चिकटते.”

“मग माझी आहे की मोकळी!”

दुसऱ्याच दुपारी तिनं गच्चीवरच्या खांबाला एक तापमापक टांगला आणि धापा टाकत साहेबांची खोली गाठली. “एकावन्न! खाली फक्त चौतीस!”

साहेब इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. मागोमाग आलेल्या आत्यानं कपाळावर हात मारला. “अगं बयो, उन्हात टांगलास! ही तापलेली काच मोजलीस तू. हवा सावलीत मोजतात. दहा वर्षं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी!”

वादळचं तोंड एवढंसं झालं. पण गप्प बसेल ती वादळ कसली! तिनं फळांचं फटीफटींचं खोकं मिळवलं, पांढरं रंगवलं आणि गच्चीवर उंच बांधलं. पुढचे आठ दिवस बरोबर दोन वाजता आत्या गवतावर आणि ती गच्चीवर. रोज गच्ची तीनेक अंशांनी पुढे.

नवव्या दिवशी आत्याला सोबत घेऊन तिनं आकड्यांचा कागद साहेबांपुढे ठेवला.

“सूर्य आधी जमीन तापवतो, साहेब, आणि जमीन हवेला. गवतातलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, सिमेंट ती पोटात दडवून ठेवतं. ध्रुवांकडे किरणं तिरकी पडतात, समुद्र सावकाश तापतो, म्हणून तर जगभर हवा वेगवेगळी. पण एवढं लांब कशाला? आपल्याकडे एक जिना चढला की फरक!”

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे पेटी हलवली, तर वहीत दिसेल की गावालाच ताप चढलाय?”

“आणि त्या तापाखाली सही माझी असेल,” आत्या म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली! “ती मी करणार नाही, साहेब.”

साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

“बरं, बाई. गाड्या मागच्या फाटकाशी लावू.”

तेवढ्यात आत्याची नजर घड्याळाकडे गेली. दोनला एक मिनिट!

“अगंबाई, माझी नोंद!”

आणि आत्या धावत सुटली. साडीचा पदर खोचून, एक चप्पल जिन्यातच टाकून, खो-खो हसत, थेट गवतात. तिला तसं धावताना वादळनं आयुष्यात त्या एकदाच पाहिलं.