बर्फाआधीची पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. जिन्याची नव्हे हं, सुटी! या घरच्या सासूबाईंचा हात वरच्या फडताळाला पुरेना, म्हणून सुताराने मला सागाच्या फळ्यांची बनवली. उंची वीतभर, पण तोरा विचारू नका. मित्रांनो, त्यांच्या तिन्ही मुलांनी माझ्यावर चढून खाऊचे डबे पळवले. एकाही चोराला मी पडू दिलं नाही. पुढे बुटकी कपाटं आली आणि माझ्या डोक्यावर कुंडी बसली. केलेल्या कामाचं हे फळ!

मग नातीने हट्ट धरला, "आजी, बर्फावर स्कीइंगला तू यायचंच."

डॉक्टर म्हणाले, "दोन महिने रोज पायरीची चढउतार करा. सलग वीस मिनिटं जमली तर जा. नाहीतर खिडकीतून बघा."

"खिडकीत बसायला मी काय मांजर आहे?" सासूबाई कडाडल्या.

कुंडी उतरली. पहिल्याच दिवशी त्या ईर्षेने दोनशे वेळा चढल्या आणि तीन दिवस अंथरुणाला खिळल्या. मला मेलीला अपराध्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "आई, चढताना बोलत राहा. बोलता येतंय तोवर वेग बरोबर."

"बोलू काय, कपाळ?"

"मला रागवा. सवय आहे तुम्हाला."

झालं! पाय वर, "भाजी अळणी." पाय खाली, "पडदे कधी धुणार?" तोंड थांबलं की सून ओरडायची, "आई, थांबा!" त्या मुकाट टेकायच्या. आधी पाच मिनिटं, मग आठ. सुनेने इतकी बोलणी हसत कधी खाल्ली नव्हती. दोन महिन्यांत वीस मिनिटं भरली, तीही पडद्यांवरच.

त्या बर्फावर गेल्या, मी घरीच. परतल्यावर नात सांगत सुटली, "आजी बर्फाचा उतार तीनदा उतरली. चौथ्यांदा सगळे 'चला, चला' म्हणाले, तर हिला बोलताना धाप लागली. मग म्हणाली, 'आज बास, उद्याही आहेच की.' आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत पुढे! बाबा मात्र खोलीत पोटऱ्या चोळत बसले."

माझा एक खिळा ढिला झाला होता, तो सुनेने ठोकून दिला. आता नातही माझ्यावर चढते, आजीची बोलणी खात. मित्रांनो, लाकूड काय नि गुडघा काय, दोघांचं मागणं एकच: वर्षाकाठी येऊन उड्या मारू नका रे. रोज थोडं या.