पिवळी वर, पांढरी खाली

"एका दिवसाचं काम आहे हो काका," नवे साहेब म्हणाले. "डबा घ्यायचा, वर जायचं आणि खुणांवर करडा रंग फासत खाली यायचं. त्याला महिना कशाला लागतो?"

रंगारी टेबलासमोर उभा होता. साहेबांनी खुर्ची दाखवली होती, पण रंगाचे डाग पडलेल्या पँटने ऑफिसच्या खुर्चीत बसायचं नाही, हा त्याचा स्वतःचाच नियम. कड्यावर चढणाऱ्यांसाठी दगडादगडावर खुणा रंगवायच्या, पावसाने धुतल्या की पुन्हा रंगवायच्या, ही त्याची एकतीस वर्षांची नोकरी. खुणा पुसायला त्याला आज पहिल्यांदाच सांगितलं होतं.

"साहेब, दगड आहे तो, ऑफिसची भिंत नव्हे. दगड रंग पितो. पहिला हात पिऊन झाला की दुसरा द्यायचा. त्यात धबधब्याची ओल. घाई केली तर पिवळं पुन्हा डोकं वर काढतं."

यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं त्याने उभ्या उभ्या रचलं आणि रचताना त्याचे कान गरम झाले.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण वाट बंद व्हायला हवी हे सगळ्यांत आधी कळलं होतं ते रंगाऱ्यालाच. मधल्या धबधब्याच्या डोक्यावरच्या कातळाला भेग पडली होती. तीन वर्षांपूर्वी तिच्यात त्याची करंगळी जायची, आता मूठ जात होती. ऑफिसला लेखी कळवलं त्यानेच, तेही दोनदा. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय.

"वीस दिवस देतो," साहेब म्हणाले. "फाटकाला कुलूप आजच घाला. पण कुलूप कोणी मानत नाही, काका. खूण दिसली की माणूस पाय उचलतोच. विसाव्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार."

रंगारी मान हलवून बाहेर पडला. खूण दिसली की पाय उचलणारा एक माणूस त्याच्या घरातच होता. त्याची काळजी तो सकाळपासून वाहत होता.

हा माणूस म्हणजे त्याचा मोठा भाऊ. कड्याच्या पायथ्याशी, फाटकाच्या आतल्या अंगाला खात्याची दोन खोल्यांची चौकी होती. तिथे दादा, वहिनी आणि रंगारी असे तिघे राहत. वाटेवर पहिल्यांदा खुणा उमटवल्या त्या दादाने, आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या रंगाऱ्याकडे पुढे ती नोकरी आली. पद्धतही दादाचीच. वर चढताना दिसते ती पिवळी खूण, खाली उतरताना दिसते ती पांढरी, एकाच दगडाच्या दोन अंगांना. वर जाणाऱ्याने पिवळी धरायची, पिवळी संपली की वळायचं आणि पांढरी धरून घरी यायचं. दोनशे चौदा दगड होते.

गेल्या चार वर्षांत दादाच्या डोक्यातलं सगळं हळूहळू निघून गेलं होतं. बायको कोण, भाऊ कोण, आपण जेवलो की नाही, काही उरलं नव्हतं. मात्र सकाळचा चहा झाला की तो अंगणातल्या पहिल्या दगडापाशी जाई, पिवळी बघे आणि चालू लागे. तिन्ही धबधबे चढून अगदी वर, कड्याच्या कपाळापर्यंत. तिथून वळायचं, उतरताना डोहावर तोंड धुवायचं आणि पांढरी धरून दुपारच्या आत परत. एकदाही चुकला नव्हता. चुकायचे ते ठणठणीत डोक्याचे पाहुणे.

"काय म्हणाले साहेब?" वहिनीने विचारलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती.

"पुसायच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

वहिनीने दादाचा सदरा घडी न घालताच खांद्यावर टाकला. "मग यांचं काय करायचं, भाऊजी? दाराला कडी घालून कोंडायचं? एक दिवस पावसात बाहेर पडू दिलं नाही तर दार फोडायला निघाले होते. डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले ना? चालतायत तोवर चालू द्या."

"त्यावर एक विचार केलाय." रंगारी पायरीवर बसला. "एकदम नाही पुसायच्या. वरून सुरुवात करायची. रोज दहा-अकरा. पिवळी जिथे संपेल तिथून दादा वळतो, हो की नाही? म्हणजे रोज थोडं अलीकडून वळेल. त्याला कळणारही नाही."

वहिनीने खांद्यावरचा सदरा हातात घेतला.

"आणि शेवटी?"

"शेवटी अंगण," तो म्हणाला.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," वहिनी म्हणाली आणि घडी घालायला लागली.

पहिल्या दिवशी रंगारी दादाच्या आधी निघून वर पोहोचला. तिसरा धबधबा कड्याच्या कपाळावरून सुटतो, मधल्या एका कातळाच्या बाकावर आपटतो आणि तिथून फुटून खाली जातो. बाजूच्या कपारीत नेचे सतत हलत असतात आणि पाकोळ्या पाण्याच्या पडद्यातून आरपार जातात. इथून खालचा सगळा सपाट मुलूख दिसतो, शेतं, रस्ता आणि आगपेटीएवढी चौकी. हे सगळं त्याने हजार वेळा पाहिलं होतं, आणि त्या दिवशी त्याला ते बघवेना. त्याने तारेच्या ब्रशने खूण खरवडली. ऑफिसचा करडा रंग दगडाला जुळेना, म्हणून त्यात काजळी आणि चिमूटभर माती मिसळली, चिंधीने टिपून टिपून वर शेवाळाचा भास आणला. पुसण्याचं कामसुद्धा त्याला वाईट करता येत नव्हतं.

अकरा दगड पुसून तो बसला तोच खालून दादा आला. शेवटच्या पिवळीपाशी थांबला. पुढे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"पुढची खूण कुठाय?"

"पुढे नाही. वाट इथवरच आहे."

"असं?" दादाने त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं अदबीने पाहिलं. "आपण दुरुस्तीचे का?"

"हो."

"मग ठीक आहे." त्याने दगडाला वळसा घातला, पांढरी सापडली, आणि तो खाली चालू लागला. रंगाऱ्याला हसू आलं. युक्ती अचूक लागू पडली होती. मग हसता हसता त्याला रडू फुटलं आणि ऐकायला कोणी नव्हतं म्हणून तो पोटभर रडला.

दादाच्या आयुष्यातून वरचा धबधबा असा गेला. पाचव्या दिवशी तो डोह गेला जिथे तो तोंड धुवायचा. मग तोंड धुणंच बंद झालं, वहिनी ओला टॉवेल घेऊन मागे लागायची. सातव्या दिवशी भेगेखालची वाट सुटली. त्या दिवशी रंगारी हलका झाला, निदान डोक्यावर दगड पडून भाऊ जाणार नाही. नवव्या दिवशी मधल्या धबधब्याचा आवाजही मागे राहिला. त्या आवाजापाशी आला की दादा काहीतरी गुणगुणायचा, शब्द नसलेलं. तेही थांबलं.

बाराव्या दिवशी दादा घटकाभरात परत आला आणि खाटेवर बसला. उरलेला दिवस काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. पाय सुजायला लागले होते. जेवताना हात ताटापर्यंत जाऊन थांबायचा.

"भाऊजी, एक बोलू? रागावू नका," वहिनी म्हणाली. "त्या भेगेखाली गेले असते तर एकदाच गेले असते. हे रोज वीतवीत चाललेत."

रंगारी नखांतला करडा रंग खरवडत राहिला.

"तुम्हाला दोष नाही देत. तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. पण घरात बसून बघायचं माझ्या वाट्याला आलंय ना."

त्याला म्हणायचं होतं, की वहिनी, पुसतो मी आहे. दादाने काढलेली एक-एक खूण माझ्या हाताने जाते आहे. पण दुःखाची मापं काढत बसण्यात अर्थ नव्हता. तेराव्या दिवशी तो अंगणात ब्रश धरून नुसता बसून राहिला. एक दिवस खाडा केला तर काय आभाळ कोसळणार होतं? काही कोसळलं नाही. चौदाव्या दिवशी त्याने दुप्पट दगड पुसले.

विसाव्या दिवशी साहेब आले. दीड तास वाटेवर डोळ्यांत तेल घालून हिंडले आणि त्यांना एकही खूण सापडली नाही. मध्ये एका वळणावर तर खुद्द रंगाऱ्यालाच क्षणभर उमजेना, कुठून आलो.

"काका, मानलं तुम्हाला. असं काम आजकाल बघायला मिळत नाही," साहेब म्हणाले. "सामान ऑफिसात जमा करा. तुम्हाला आता फाटकावरच बसायचं. सावलीचं काम आहे."

त्याने सामान जमा केलं. पिवळ्याचा एक अर्धा डबा तेवढा न्हाणीघराच्या फळीवर राहून गेला.

दादा आता सकाळी उंबऱ्यापर्यंत यायचा. अंगणातल्या दगडाकडे पाहायचा, आणि दगड कोरा बघून आत जायचा. दार फोडायला निघाला नाही, ओरडला नाही. वहिनी म्हणाली, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात त्याला न्हाणीघर सापडेनासं झालं. खाटेपासून दहा पावलं. तो मध्येच भिंतीपाशी उभा राही आणि कपडे ओले होत. वहिनी निमूट पुसून घेई, पण एका दुपारी ती फडकं पिळता पिळता खालीच बसली.

"तो फळीवरचा डबा चालेल का हो अजून?" तिने विचारलं. "खाटेपासून न्हाणीघरापर्यंत काढून द्या काहीतरी. तेवढं तरी चालतील."

रंगाऱ्याने झाकण उघडलं. रंगावर साय धरली होती, ती काढली. नवा ब्रश नव्हता, म्हणून दात घासायचा जुना ब्रश घेतला. खाटेच्या पायाजवळ भिंतीवर एक, खिडकीखाली एक, दाराच्या चौकटीवर एक, अशा पाच खुणा त्याने काढल्या. ओळंब्याने आखल्यासारख्या सरळ. दादा खाटेवर बसून बघत होता. पाचवी झाली तसा तो उठला.

त्याच्या पाठीत एकदम ताठपणा आला. पहिली बघितली, चालला. दुसरी, तिसरी. चौकटीपाशी क्षणभर थांबला, चौथी सापडली. वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा न्हाणीघराच्या दारात पोहोचला, पाचवीला हात लावला, पुढे नाही हे बघितलं, आणि शिकवल्याप्रमाणे वळला.

वळून त्याने भिंत पाहिली. मग चौकट पाहिली, मग खिडकी. आणि तिथेच उभा राहिला.

रंगाऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या हातातला ब्रश गळून पडला. एकतीस वर्षांत जी चूक केली नव्हती ती त्याने पाच खुणांत केली होती. दोन खोल्यांच्या घरात परतीची वाट कशाला लागते, असं त्याच्या मनात आलंसुद्धा नव्हतं. पांढऱ्याचे सगळे डबे ऑफिसात जमा होते.

"चला," वहिनी दादाचा हात धरून म्हणाली. "खाट तिकडे आहे. चला बघू."

दादाने हात हळूच सोडवून घेतला.

"दादा, चल," रंगारी पुढे होऊन म्हणाला. "मी नेतो."

"आपण व्हा पुढे," दादा त्याला म्हणाला, त्याच अदबीने. "मी पिवळ्या काढत पुढे आलो. माझा धाकटा भाऊ मागून येतोय, पांढऱ्या काढत. त्याला हात बसायला वेळ लागतो."

"दादा, अरे—"

"उशीर करतो तो," दादा म्हणाला, "पण येतो."

आणि तो भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, वाटसरूला जागा करून देण्यासाठी थोडा बाजूला सरून.