मालनमावशीनं मला तेल लावलं

"ताई, सिलिंडरच्या झडपेला तेलाचं बोटही लागू देऊ नका. घरात सगळ्यांना सांगून ठेवा," रत्नागिरीच्या ऑक्सिजनवाल्या धाकूशेटनी फोनवर बजावलं होतं. "माहीत आहे हो मला," म्हणून दर्शनानं फोन ठेवला. तिला माहीत होतंच. घरात मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही.

मित्रांनो, तो सिलिंडर म्हणजे मीच. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या यंत्रातला, दोन लिटरचा, बराच जुना. हे यंत्र सोडलेला श्वास साफ करून परत देतं आणि खर्च झालेला ऑक्सिजन मी पुरवतो. बुडबुडे उठत नाहीत, म्हणून मासे बुजत नाहीत. दर्शनाचं काम मासे मोजायचं, त्यामुळे आमची जोडी जमली. प्रवासात मी रिकामाच असतो. गावोगाव मला भरून देणारा शोधावा लागतो. एकदा "गॅस भरून हवाय" म्हटल्यावर तिला शेगडीच्या सिलिंडरांच्या रांगेत उभं केलं होतं.

यंदा आम्ही रत्नागिरीजवळ पावस गावात तिच्या मालनमावशीकडे उतरलो. सोबत दर्शनाची आठ महिन्यांची ओवी. सकाळी मावशीनं ओवीला खोबरेल चोळलं, मग दाराच्या कडीला, आणि उरलेलं माझ्या झडपेला. मला तर फार बरं वाटलं. इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

त्याच दिवशी दर्शना मला भरायला घेऊन गेली. दुकानात धाकूशेटनी आधी मला नाकाजवळ नेलं.

"ताई, याला न्हाऊ घातलंत काय?"

"म्हणजे?"

"खोबरेलाचा वास येतोय. दाबाखालचा ऑक्सिजन नि तेल एकत्र आलं की आग. भरला असता तर तुम्ही, मी, दुकान, काय उरलं नसतं."

दर्शनानं मला उचलून स्वतः वास घेतला. तिला घरची ओवी आठवली असणार.

मासे मोजायला नेणारी त्या दिवसाची बोट चुकली. घरी येऊन ती म्हणाली, "मावशी, चूक माझी. मीच सांगायला हवं होतं."

"अगो, मला वाटलं खाऱ्या वाऱ्यानं गंज चढेल," मावशी पुटपुटली. मग तिनं ओवीलाही हात लावला नाही.

दुसऱ्या सकाळी दर्शनानं लेक मावशीच्या मांडीवर ठेवली. "हिला चोळ. तो कोरडाच बरा."

"तुझ्या त्या नळकांड्यापेक्षा हीच गुणाची," मावशी म्हणाली आणि हसली.

धाकूशेटनी झडप सुटी करून, धुऊन, चौथ्या दिवशी मला भरलं. आतला ऑक्सिजन दर्शनानं स्वतः मोजला, मगच आम्ही पाण्यात उतरलो.

मित्रांनो, वस्तू कशी जपायची ते घरातल्या सगळ्यांना सांगत जा. आणि मायेपोटी कुणाच्या हातून काही बिघडलं असेल, तर ते माणूस आत्ता कुठेतरी हात आवरून गप्प बसलं असेल. त्याच्याकडे आजच जाऊन बघा.