गालावरची पेन्सिल

बन्सीलाल आप्पांच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या नंदुरबारला ठाऊक होतं. "मान सरळ करा, तुमचा फोटो काढतोय, उंटाचा नाही," असं गिऱ्हाइकाला सुनावत त्यांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. असा माणूस दुकान बंद झाल्यावर गप्प बसेल, ही आशाच चुकीची. त्यात भाग्येश मास्तरानं जिल्ह्यातल्या हौशी फोटोवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि आप्पांना गुरू करून टाकलं. दर रविवारी सकाळी मंडळी फोटो टाकायची आणि आप्पा सालटी काढायचे. चार महिन्यांत तिघं ग्रुप सोडून गेले.

चौथी जाण्याच्या बेतात होती. रंजिता, कळसाडीच्या कापूस-उसाच्या घरातली सून. तिनं पहिल्यांदाच कापसाच्या ढिगाचा फोटो टाकला, तेव्हा आप्पांनी लिहिलं होतं, "हा कापूस की चुना? पोत कुठे आहे?" पुढे तीन आठवडे ती गप्प. आज तिचा दुसरा फोटो आला, आणि पाठोपाठ भाग्येशचा फोन.

"आप्पा, आज जरा दमानं. मोठी मुश्किलथीन तयार करेल शे तिले. आज डाफरनात, ते ती परत फोटो काढनार नही."

"मी कधी डाफरस रे?" आप्पा डाफरले.

मग त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. दारात बसून सासू, सुंदरबाई, कापूस साफ करत होत्या. दुपार कललेली, दारातून आडवा उजेड आलेला. कापसाचा तंतू न् तंतू दिसत होता, त्यात अडकलेला पाल्याचा चुरा दिसत होता, उंबऱ्याच्या लाकडाच्या रेघा, लुगड्याची वीण, सगळं. पोरगी शिकली होती! आप्पांच्या तोंडून "वा" निघालंसुद्धा. पण मधोमध सासूचा चेहरा चिनी मातीच्या बशीसारखा गुळगुळीत. मोबाइलमधल्या त्या ब्युटी बटणाची करामत. खाली रंजितानं लिहिलं होतं, "सासूबाईंना खूप आवडला. आता त्या मला फोटो काढू देतात."

आप्पांचं डोकं फिरलं. त्यांनी टाइप केलं, "हा चेहरा की बशी? बाईच्या साठ वर्षांवर इस्त्री फिरवलीस." वाक्य त्यांचं त्यांनाच फार आवडलं.

पाठवण्याआधी ते बायकोला वाचून दाखवायची त्यांची सवय होती. रुक्मिणीबाई अंगणात वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. आप्पांनी वाचलं आणि कौतुकाची वाट पाहिली. रुक्मिणीबाई एकदम हसल्या, आणि ते हसणं काही कौतुकाचं नव्हतं.

"हाई तुम्हीन सांगी ऱ्हायनात?" हातातल्या मिरचीनं त्यांनी घरातली भिंत दाखवली. "आधी तठे दखा."

भिंतीवर रुक्मिणीबाईंचा फोटो होता, लग्नाच्या वर्षीचा. एकोणीस वर्षांची पोर, लोण्यासारखे गाल. खरं तर लहानपणी आलेल्या देवीनं तिच्या दोन्ही गालांवर खळगे ठेवले होते. नव्या नवऱ्यानं निगेटिव्हवर पेन्सिल धरावी म्हणून औषध चोळलं, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं आणि तीन दिवस बसून एकेक व्रण बुजवला. मग तो फोटो पंचवीस वर्षं दुकानाच्या काचेत झळकला. "आमचाही असाच करा," म्हणत पोरी यायच्या. आप्पांचा धंदाच त्या फोटोवर उभा राहिला. गंमत अशी, की त्यानंतर फोटोवाल्याच्या बायकोचा एकही फोटो नाही. कॅमेरा समोर आला, की रुक्मिणीबाईंना नेमकं काहीतरी काम निघायचं.

"मी दुकानमा डबा लई येवू," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "ते लोके फोटोकडे दखेत, मंग मन्हाकडे दखेत. हाई तुन्ही बहीन शे का, अशी इचारेत. तुम्हीन दुकानमा मन्हं तोंड लावं. पन ते मन्हं नही व्हतं."

आप्पा तिथेच पायरीवर टेकले. "मंग इतला वरीस बोलनी काब्र नही?"

"तुम्हीन तीन दिवस मान मोडीसन बशेल व्हतात. इतला जीव लाईसन करेल काम. कसं सांगू?"

आप्पांना मनापासून लाज वाटली. ही बाई अठ्ठेचाळीस वर्षं गोड शब्द शोधत गप्प राहिली, आणि आपण चार महिन्यांत तिघांना पळवून लावलं. त्यांनी ते लाडकं वाक्य खोडून टाकलं.

मग ते उठले. पत्र्याच्या पेटीतून ती निगेटिव्ह शोधून काढली, कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि हलक्या हातानं गालावरून फिरवलं. बोळा करडा झाला. तीन दिवसांची मेहनत पाच मिनिटांत पुसली गेली, आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मोबाइलवर फोटो घेतला, काळ्याचं पांढरं करून तो सरळ केला आणि रुक्मिणीबाईंसमोर धरला.

रुक्मिणीबाईंनी मोबाइल जवळ ओढला. दोन्ही गालांवरचे सगळे खळगे परत आले होते.

"टाकू का ग्रुपमा?" आप्पांनी विचारलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी असं विचारलं नव्हतं.

"टाका. आते ती मीच शे."

आप्पांनी लिहिलं, "रंजिता, तुझ्या कापसाला हात लावावासा वाटतो. आडवा उजेड तू बरोबर पकडलास. फक्त फोनचं एक बटण चेहऱ्याचा पोत खाऊन गेलं. तीच चूक मी पेन्सिलीनं केली होती, आणि पंचवीस वर्षं मिरवली. आज पुसली. ही माझी बायको. सासूबाईंनाही दाखव."

दुपार झाली तरी उत्तर आलं नाही. आप्पा नीट जेवले नाहीत. पोरगी गेली, असं त्यांनी मनाशी धरलंच होतं, तेवढ्यात मोबाइल वाजला. आप्पांनी मोठ्यानं वाचलं.

"आप्पा, आजींच्या गालांवर उजेड छान उतरलाय, एकेक खळगा बोलतो. पण कोपऱ्यात तुमचं बोट आलंय. पुढच्या वेळी तेवढं सांभाळा. सासूबाईंनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, ते बटण बंद कर आणि माझा पुन्हा काढ."

खाली नवा फोटो होता. तोच दरवाजा, तोच कापूस, आणि सुरकुत्यांनी भरलेल्या सुंदरबाई थेट कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"मन्ही चूक काढस," आप्पा म्हणाले, पण त्यांना हसू आवरत नव्हतं.

"बरोबर काढस. बोट शेच." रुक्मिणीबाईंनी मिरच्यांचं सूप बाजूला सरकवलं, हात धुतले, पदर सारखा केला आणि दारात जाऊन बसल्या. कलत्या उन्हाकडे त्यांनी गाल वळवला.

"आते मन्हा आजना काढा," त्या म्हणाल्या. "आनि बोट सांभाळा."